जात्याच्या भाकरीचा पैलवान

१९५८ साल. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि आर्णीपासून दोन कोसांवर, अरुणावतीच्या काठच्या आमच्या गावात माझ्याएवढं जेवणारा अन् माझ्याएवढा घाम गाळणारा दुसरा माणूस नव्हता. फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी मी पुढे मारली, तिची गोष्टच सांगायची आहे. शाळा मी तिसरीत सोडली. तेव्हा लिहिण्यात कुठं खाली-वर झालं असेल तर वाचणाऱ्यानं ते सुधारून घ्यावं अन् मला सांगायला येऊ नये.

आता मी यवतमाळात नातवाकडे राहतो. नातू रोज सकाळी मैदानाला चकरा मारतो. हातात घड्याळ बांधतो, ते म्हणे पावलं मोजतं. पावलं कमी भरली तर हा रात्री जेवण झाल्यावर घरातल्या घरात फिरतो, स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून न्हाणीपर्यंत, पिंजऱ्यातल्या जनावरासारखा. वखरामागं दिवसभर चालणाऱ्यानं पावलं मोजली असती तर त्याचं वावर पडीक राहिलं असतं. आणि नातसून परवा पिठाचं पाकीट घेऊन आली. वर लिहिलेलं, जात्यावर दळलेलं. पाकिटावर जातं छापलेलं अन् जात्याशी एक बाई बसवलेली. नाकात नथ, अंगावर नवं कोरं लुगडं, ओठावर हसू. कपाळावर घामाचा एक थेंब नाही. ज्यानं ते चित्र काढलं त्याच्या घरी जातं नसणार, अन् असलंच तर त्याची माय त्याला त्याबद्दल कधी बोलली नसणार. नातसून म्हणाली, "आजोबा, यात ताकद जास्त असते." हे वाक्य या जगात मोठ्यानं पहिल्यांदा मीच बोललो असेन असं मला वाटून गेलं, अन् मग पाटीपेन्सिल सोडून पाऊणशे वर्षं झालेल्या हातानं मी ही वही घेतली.

तर आमचं तेव्हाचं असं होतं. पहाटे उठायचं, तांब्याभर शिळं पाणी प्यायचं अन् मारुतीच्या देवळामागं आखाड्यात जायचं. कुडाच्या भिंती, वर पत्रे, आत तांबडी माती. त्या मातीत आम्ही ताक, हळद अन् तेल कालवत असू. तीनशे जोर, पाचशे बैठका, मग लाकडी मुद्गलांच्या जोड्या फिरवायच्या, मग कुस्त्या. विहिरीवर आंघोळ झाली की घरी येऊन रात्रीच्या दोन भाकरी ताकात कुस्करून खायच्या, वर मूठभर भिजवलेले हरभरे. दुपारी वावरात चार भाकरी, दिवस असतील तशी अंबाडी नाहीतर चिवळीची भाजी, जवसाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. रात्री तुरीचं वरण अन् पुन्हा भाकरी, किती ते मोजत नव्हतो. चहा पिणाऱ्याला आम्ही माणसात धरत नसू. गावात तेव्हा दोन घरी चहा शिरला होता, अन् त्या दोन्ही घरचे पुरुष कुस्तीत पहिल्या झटक्यात पाठीवर पडत. ते चहाच्या आधीपासून पडत होते ही गोष्ट वेगळी.

एकदा सरकारी माणूस येऊन सकस आहाराचा तक्ता चावडीवर लावून गेला होता. त्यात सफरचंद होतं, अंडं होतं, गाजर होतं. ज्वारी नव्हती. मी तो तक्ता पाहिला अन् त्या माणसाच्या मनगटाकडं पाहिलं. त्याचं मनगट माझ्या बायकोच्या मनगटाएवढं होतं. खाण्यापिण्याबद्दल बोलणाऱ्याचं आधी मनगट पाहावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो. माझ्या बायकोच्या मनगटाकडं मात्र मी त्या दिवशी त्या तक्त्यापुरतंच पाहिलं.

घरात आम्ही चौघं. मी, माय, बायको अन् वर्षाच्या करारानं ठेवलेला सालदार. बाप आधीच गेलेला. चौघांची ज्वारी म्हणजे रोज पायली-दीड पायली दळण, अन् त्यातलं निम्मं एकट्या माझ्या पोटात. माय अन् बायको जात्याच्या दोन बाजूंना बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. दोन तास तरी चाले. मी आखाड्यात जोर काढत असे तेव्हा घराघरातून जात्याची घरघर अन् बायांच्या ओव्या ऐकू येत. मला वाटे, सारं गाव व्यायाम करून राह्यलं. पुरुष मातीत, बाया जात्यावर. हा माझा विचार मी चारचौघांत सांगत असे अन् चारचौघं माना हलवत. माना हलवणारे सगळे पुरुष होते.

आदल्या साली माझ्या बायकोचं पहिलं पोट जात्यावर बसल्या बसल्या पडलं होतं. तिसरा महिना होता. सुईण म्हणाली, दळण जड झालं. मी म्हणालो, नशीब. जुनी माणसं सांगत की दळणाऱ्या बाईचं बाळंतपण सोपं जातं. त्यातलं सोपं तेवढं माझ्या ध्यानात होतं.

त्या वर्षी दसऱ्याला गावात चक्की आली. दिग्रसकडचा एक बारका माणूस, कायम खोकणारा, इंजिन घेऊन आला अन् गावाच्या खालच्या टोकाला पत्र्याची खोली बांधून बसला. इंजिनाच्या धुराच्या नळीवर त्यानं डबा उपडा घातला होता. त्यातून कुक-कुक असा आवाज निघे अन् तो नदीपलीकडच्या तांड्यापर्यंत जाई. आवाज झाला की तांड्यातल्या बायाही टोपली घेऊन पाण्यातून उतरून येत. दसऱ्याच्या दिवशी त्यानं नारळ फोडला अन् पहिलं दळण कोणाचं असेल ते आणा म्हणाला. साऱ्या बाया रांगेत. माझी माय अन् बायकोही रांगेत, टोपलं घेऊन.

मी पुढं गेलो, खाली पडणाऱ्या पिठात हात घातला. पीठ गरम होतं, चुलीतल्या राखेसारखं. मी मूठ उघडून सगळ्यांना दाखवली.

"हे पीठ नाई, राख हाय. दाण्याची ताकत इंजिनात जळून गेली. जात्याच्या भाकरीत ताकत जास्त असते."

चक्कीवाल्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. तो खोकला अन् सावकाश म्हणाला, "पैलवान, भाकर पोटात गेल्यावर पोट सांगते का, कोन्या दगडातून आली ते?"

"माहं पोट सांगते," मी म्हणालो.

बाया हसल्या. बाया हसल्या म्हणून मी पुढचं बोललो, नाहीतर तिथंच थांबलो असतो. म्हणालो, येत्या नागपंचमीला दाखवतो. माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, आखाड्यात माझ्या तोडीचा तो एकटाच. त्याच्या बायकोचं दळण त्या दिवशी चक्कीत पडूनही गेलं होतं. तर ठरलं असं की त्यानं चक्कीची भाकर खायची, मी जात्याची, अन् नागपंचमीच्या दंगलीत आमची कुस्ती. काय ते गाव पाहील. एवढ्यावर भागलं असतं. पण माझ्या जिभेला ते पुरलं नाही. मारुतीच्या देवळाकडं हात करून मी बोललो, "माह्या घरात चक्कीचं पीठ शिरलं तं पुन्हा आखाड्याच्या मातीत पाय ठेवनार नाई."

माय अन् बायको रांगेतून निघाल्या. भरलेलं टोपलं परत घरी गेलं. मला तेव्हा छाती दोन इंच वाढल्यासारखी वाटली.

त्यानंतरचं वर्ष माझं फार छान गेलं. मी जोर चारशेवर नेले. माझं ऐकून आखाड्यातली पोट्टी पिठात बोट घालून ते थंड का गरम ते पाहू लागली. त्या दिवाळीच्या सुमारास जात्याचे दगड गुळगुळीत झाले म्हणून मी टाकी लावणाऱ्याला बोलावलं. त्यानं छिन्नीनं ठोकून दगडांना पुन्हा दाते काढून दिले. अन् खरंच, भाकर बदलली. पातळ, मऊ, पदर सुटलेली भाकर येऊ लागली. मी पारावर बसून सांगत असे, टाकी कशी लावावी ते त्या माणसापासून शिकावं, जातं चांगलं असेल तर चक्कीची काय बिशाद. लोकांनी त्या टाकीवाल्याला माझ्या शब्दावर चार घरी बोलावलं. त्यांच्या भाकरी होत्या तशाच राहिल्या. मी म्हणालो, तुमच्या बाया नीट दळत नसतील.

बायको पुन्हा गरोदर होती. फाल्गुनात मुलगी झाली, टुणटुणीत. बाळंतपण सोपं गेलं. मी पारावर तेही सांगितलं. म्हणालो, पाहा, शेवटपर्यंत जात्यावर बसली, काही झालं का? मायनं दळणात तिला कसा हात दिला, पहाटे जात्याचा आवाज एक दिवस चुकला नाही, हे सगळं मी रंगवून सांगितलं. आवाज खरंच चुकला नव्हता. मी अंथरुणातून उठे तेव्हा घरघर सुरू असे अन् माय ओवी म्हणत असे. मला त्या आवाजानं उगाच बरं वाटे. बायको तेव्हा अंथरुणातच असे, की चुलीपाशी असे, ते मी कधी पाहिलं नाही. पाहायला मान वळवावी लागते, अन् पैलवानाची मान जाड असते.

नागपंचमी आली. आमच्याकडं त्या दिवशी काही चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, वावरात नांगर घालायचा नाही अन् जातं फिरवायचं नाही. जमिनीतल्या नागाला धक्का लागू नये म्हणून. आखाड्याची माती आम्ही आदल्या दिवशीच खणून ठेवली होती. त्या दिवशी उघाड होता. आजूबाजूच्या चार गावची माणसं आली, आर्णीहून वाजंत्री आली. शेवटची कुस्ती आमची.

कुस्तीचं वर्णन मी करत नाही. कुस्ती पाहायची असते. एवढंच की चुलत भाऊ दमलेला नव्हता, मीही दमलेलो नव्हतो, त्यानं माझा पाय धरायला हात घातला, त्याचा तळपाय मातीत घसरला अन् मी वर होतो. तो घसरला नसता तर काय झालं असतं ते मला तेव्हाही माहीत होतं. पण घसरला तो, मी नाही. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

पारावर मला उभं केलं. तिथं मी बोललो, बराच वेळ. जात्यावर बोललो, चक्कीवर बोललो, इंजिनाच्या डब्यावर बोललो, चहावर बोललो. चक्कीवाला कडेला उभा होता. मी त्याच्याकडं बोट करून म्हणालो, "काय मालक, सांगतलं का पोटानं?" लोक हसले. तो खोकला, मान खाली घातली अन् निघून गेला. मला वाटलं, हरला बिचारा.

मग माझा चुलत भाऊ अंगाची माती तशीच ठेवून पुढं आला अन् माझ्या पाया पडला. साधा माणूस. हरला तर हरलो म्हणणारा. सगळ्यांसमोर म्हणाला, "मानलं दादा. उद्यापासून माह्या घरी बी जातं."

त्याच्यामागून दुसरा बोलला, आमच्याही घरी. मग तिसरा. पाच-सहा जणांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं की उद्या पहाटेपासून चक्की बंद, बायांनी जात्यावर बसायचं. एकानंही घरी जाऊन विचारतो असं म्हटलं नाही. मी प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली. आता त्या थापा आठवल्या की माझा हात मलाच परका वाटतो.

सूर्य अजून होता तेव्हा मी घरी आलो. जेवायला उकडलेली पुरणाची दिंडं होती. माय भिंतीला टेकून मुलीला मांडीवर थोपटत होती. बायकोनं वाढलं अन् ती समोर बसली. एरवी ती मी जेवताना समोर बसत नसे.

"एक गोठ सांगू का?" ती म्हणाली.

"सांग."

"दिवाळीपासून तुमच्या पोटात चक्कीचंच पीठ हाय."

मला वाटलं थट्टा करते. माझ्या जिंकण्यानं घरात हसणं-खेळणं आलं असं वाटून मी हसलोसुद्धा. म्हटलं, कोण आणत होतं मग? ती म्हणाली, धाकटी. म्हणजे माझ्या त्याच चुलत भावाची बायको, हिची धाकटी जाऊ. मी तिचा भासरा, थोरला दीर, म्हणून ती माझ्यासमोर पदर ओढून भिंतीच्या कडेनं जायची. त्या पदराआड काय चाललं होतं ते असं. ती आपलं दळण चक्कीवर नेताना आमची ज्वारी त्याच टोपल्यात घेऊन जायची. दळून आणलं की मागच्या दारानं निम्मं आमच्या घरी. गरम पीठ लुगड्यावर पसरून गार करायचं, मग मडक्यात भरायचं. म्हणजे ज्याला मी मातीत पाडलं त्यानं अन् मी वर्षभर एकाच दगडातलं, एकाच टोपल्यातलं पीठ खाल्लं होतं.

"खोटं बोलू नोको," मी म्हणालो. "मी रोज पहाटे जातं आयकतो."

भिंतीपासून माय बोलली, "ते मी. मूठभर दाने घालतो अन् फिरवतो. खांदा गेला माहा, त्याच्यापरीस जास्त होत नाई."

"माये, तू बी?"

"मी बी काय? मीच पयले. हिले कुठी सुचत होतं, ही तं रडत होती."

मी ताट सरकवलं. माझं डोकं अजून शपथेतच अडकलं होतं. म्हणालो, मी भर गावात देवळाकडं हात करून शपथ घेतली होती, हे तुम्हा दोघींना माहीत होतं. आखाडा माझा गेला, हे कळते का?

बायकोनं आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढलेला मी आयुष्यात चारदा ऐकला, त्यात हा दिवस नाही.

"शपथ तुमची, खुंटा माह्या हातात," ती म्हणाली. "मले कोनी इचारलं नाई."

"मंग वर्षभर सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं काहून नाई वर्षभर? भाकर मऊ आली तं तुमी टाकीवाल्याचं कवतिक केलं."

माय हसली. मुलगी मांडीवर दचकली म्हणून तिनं तोंडावर हात धरला, पण हसली. मी माझ्या मायला माझ्यावर हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे ती हसली नव्हती असं मी धरून चालत होतो.

"मंग आज काहून सांगून राह्यली?" मी विचारलं. "जिंकलो म्हणून?"

तेव्हा तिनं सांगितलं. मी पारावर पाठी थोपटत होतो तेव्हाच धाकटी मागच्या दारानं रडत आली होती. नवऱ्यानं घरी निरोप पाठवला होता की उद्या पहाटेपासून जात्यावर बस. तिला सातवा महिना होता. घरात दुसरी बाई नाही. पायलीभर ज्वारी तिनं एकटीनं ओढायची होती.

"माह्या पयल्या वेळेचं तुमाले आठवते का नाई, मले माईत नाई," बायको म्हणाली. "मले आठवते. उद्या ते तिच्या घरी होईन. तुमच्यापायी. माह्या नावानं गावभर डंका पिटून राह्यले तुमी, का ही शेवटलोक जात्यावर बसली. मी नाई बसली."

मी उठलो. पैलवान माणूस, बोलायला काही सुचलं नाही की अंगानं काहीतरी करतो. जात्यापाशी गेलो अन् खुंटा धरला. म्हटलं, एवढं काय आहे यात, मी दळतो, मीच दळत जाईन, शपथ अजूनही जोडता येईल.

"हात काढ," माय म्हणाली. "नागपंचमी हाय. आज दळाचं नाव काढू नोको. अन् तुह्या बापानं बी तोंडानं लय दळलं व्हतं."

मी हात काढला. मग ओसरीवर जाऊन बसलो. लोक रस्त्यानं जाताना मला रामराम घालत होते, वाजंत्रीवाल्यांना कोणी तरी जेवू घालत होतं. मी हिशेब मांडत होतो, अन् तो मांडताना माणूस किती नीच होतो ते मला त्या संध्याकाळी कळलं. गप्प बसलो तर कोणाला कळणार होतं? घरातल्या दोघी सांगणार नव्हत्या. धाकटी माझ्यासमोर बोलत नव्हती. चक्कीवाल्यानं वर्षभर कोणाची ज्वारी आहे ते ओळखून तोंड उघडलं नव्हतं, अगदी मी भर पारावर त्याचा बाजार मांडला तेव्हाही नाही. भावाला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, की बाबा, तुझ्या घरापुरती चक्की चालू ठेव, पोट आहे. म्हणजे आखाडा वाचला, शपथ वाचली, नाव वाचलं. बाकीच्या पाच-सहा घरांचं काय, हा विचार मनात आला तेव्हा मी त्यावर म्हणालो होतो, त्यांच्या बाया तब्येतीनं धडधाकट आहेत. हे वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण म्हटलं. ते इथं लिहून ठेवतो, नातवानं वाचावं म्हणून. तो मला फार सरळ माणूस समजतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला उठलो. आखाड्याकडं गेलो नाही. जात्याशी मांडी घालून बसलो तर माय म्हणाली असं नाही बसत, एक पाय लांब कर. केला. शेरभर ज्वारी मापून घेतली, मूठ मूठ घालत खुंटा ओढू लागलो. पहिल्या मुठीला हसू आलं, इतकं सोपं. दहाव्या मुठीला खांद्याच्या आतून, जोर काढून कधीच दुखलं नव्हतं अशा जागी, कळ निघाली. मी जोरानं ओढे तेव्हा जातं उड्या मारी अन् अख्खे दाणेच बाहेर पडत. हळू ओढे तेव्हा थांबे. मला धाप लागली. काल चार गावच्या माणसांसमोर लागली नव्हती. उजाडेपर्यंत माझ्यासमोर जे पडलं होतं ते पीठ नव्हतं, नुसत्या कण्या होत्या. बायकोनं त्या उचलून बघितल्या अन् शिजवायला टाकल्या.

मग मी उरलेली ज्वारी टोपल्यात भरली. पायलीच्या वर होती. चुंबळ केली, टोपलं डोक्यावर घेतलं. बायको म्हणाली, मी नेते, मागच्या वाटेनं. मी पुढच्या दारानं निघालो.

आधी भावाच्या घरी थांबलो. आतून जात्याची घरघर येत होती, मध्येच थांबत होती. तो दारात कडुनिंबाची काडी चावत बसला होता. मला डोक्यावर टोपलं घेतलेलं पाहून उभा राहिला.

"तुह्या घरचं दळन आन," मी म्हणालो.

"कायले, दादा?"

"याच्यात टाक. दिवाळीपासून एकातच जाऊन राह्यलं."

त्याला समजायला वेळ लागला. आत जातं थांबलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आत पाहिलं, अन् मग तो आत जाऊन न दळलेली ज्वारी घेऊन आला अन् माझ्या टोपल्यात ओतली. त्याला आधीपासून काही ठाऊक होतं का, ते मी त्याला तेव्हा विचारलं नाही अन् नंतर तो मरेपर्यंत विचारलं नाही.

टोपलं आता चांगलं जड झालं होतं. आखाड्यावरून जाताना आतली पोट्टी ओरडली, पैलवान, या. मी थांबलो नाही. पारावर कालचीच माणसं बसली होती, थाप मारून घेतलेली. एकानं विचारलं, दळण कोणाचं?

"माहं," मी म्हणालो. "दिवाळीपासून चक्कीचंच खातो. कालची कुस्ती बी त्याच भाकरीवर झाली. घरी जाऊन सांगा."

कोणी हसलं नाही, ते हसले असते तर बरं झालं असतं. मी खालच्या टोकापर्यंत चालत गेलो. चक्कीवर चार-पाच बाया रांगेत होत्या, त्यांनी मला पुढं जायला वाट दिली. मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा चक्कीवाल्यानं मान वर करून पाहिलं, खोकला, अन् जाड की बारीक एवढंच विचारलं. मी म्हणालो, बारीक, अन् टोपलं उतरवून ज्वारी ओतली.